हाताने केलेला पोत: घालायचा की नुसता बघायचा?

सुईदोरा
परवा स्क्रोल करता करता एका स्वतंत्र डिझायनरचं काम सापडलं. एकटीच करते सगळं, शो नाही की मोठं स्टोअर नाही, आणि तेव्हापासून बाकीचे कपडे एकदम सपाट वाटायला लागलेत. एक जॅकेट आहे, पाठीवर पातळ रेशमात लोकर फेल्ट केलीय (म्हणजे ओली करून, चोळून घट्ट बसवलीय), लोकर आटताना रेशीम पण सोबत ओढलं गेलंय त्यामुळे अख्ख्या पाठीवर बारीक सुरकुत्या उठल्यात, बाहीच्या टोकाला दशा तशाच सोडल्यात. प्रिंट नाही, चमक नाही, रंगही एकच, सगळा खेळ पोताचा. माझं म्हणणं, एवढं हाताचं काम असेल तर किंमत जास्त असणारच, आणि चार साधे कपडे कमी घेऊन असा एक घ्यावा. पटतंय का?

काळाटीशर्ट
नाही पटत. बाजूने लाइट मारला की फोटोत गोणपाट पण भारी दिसतं. रोज बॅगेचा पट्टा खांद्यावर घासला की त्या लोकरीवर गोळे येणार, मग? आणि धुणार कसं? हा कपडा नाही, भिंतीवर लावायची वस्तू आहे.

घडीमोड
धुण्याचा मुद्दा रास्त, पण जुनाच आहे. फॉर्च्युनी नावाच्या डिझायनरचा डेल्फॉस गाऊन १९०७ च्या सुमारास आला, रेशमाच्या बारीक बारीक चुण्या, भिजल्या की गेल्या, मग परत चुण्या घालून आणायला पाठवायचा, आणि ठेवताना पिळा घालून गुंडाळून डब्यात. आता म्युझियममध्ये आहेत ते, पण तेव्हा बायका घालत होत्याच की.

धागेवाला
आणि हीच कटकट नको म्हणून जपानी डिझायनर इस्सी मियाकेने उलटं केलं ना! कपडा आधी जवळपास तिप्पट मोठा शिवायचा आणि मग शिवलेला अख्खा कपडा प्रेसमध्ये घालून उष्णतेने प्लीट्स, म्हणजे चुण्या, पाडायच्या. पॉलिस्टर उष्णतेने दिलेला आकार धरून ठेवतं, त्यामुळे मशीनमध्ये धुवा, काही होत नाही. त्याचं प्लीट्स प्लीज हे लेबल १९९३ चं आहे, अजून चालू आहे. पोत मशीनने मिळतोय, टिकतोय पण, मग हाताचं एवढं कौतुक कशाला?

सुईदोरा
धागेवाला, ते पण आवडतं मला. पण या जॅकेटचा फोटो झूम करून बघा, पाठीच्या मध्यावर लोकर दाट आहे आणि काखेकडे विरळ होत होत जवळजवळ नुसतं रेशीम उरलंय, कारण तिथे हात हलायला हवा. हे तिने लोकरीचे थर लावताना ठरवलंय, एका अंगासाठी. फेल्ट एकदा आटलं की मागे नेता येत नाही, चुकलं तर पीस गेला. किंमत त्या जोखमीची पण आहे.

उसवण
मी शिवणकाम करते म्हणून बोलते, हाताचं म्हणजे चांगलं हे आधी डोक्यातून काढा. क्रोशेचंच घ्या. कारखान्यात मशीनवर जे निघतं ते बहुतेक क्रोशेसारखं दिसणारं विणकाम असतं, खरं क्रोशे अजून हातानेच करावं लागतं. म्हणजे सेलच्या ढिगात पडलेला खराखुरा क्रोशे टॉप पण कुणीतरी बसून हातानेच केलाय, फक्त त्याला किती मिळाले ते टॅगवर नसतं. तेव्हा नुसतं ‘हॅन्डमेड’ बघून भाळू नका, पैसे कुणाला पोचले ते बघा.

काळाटीशर्ट
बघा! हेच म्हणतोय मी.

उसवण
अहो तुमच्या बाजूने नाही बोलत मी :) स्मॉकिंगला, म्हणजे चुण्यांवरच्या भरतकामाला, साधारण तिप्पट रुंदीचं कापड लागतं आणि प्रत्येक चुणी सुईने उचलून टाका आवळायचा. एकदा करून बघा, मग टीशर्टच्या किमतीशी तुलना करा. एकटी काम करणारी बाई आपल्या वेळेचे पैसे लावत असेल तर ते नखरे नाहीत.

घडीमोड
अजून एक. कपड्याच्या कटला बऱ्याच ठिकाणी कॉपीराइट मिळतच नाही, छोट्या डिझायनरचं डिझाइन मोठ्यांनी उचललं तर तो काय करणार? पोत मात्र असा पटकन उचलता येत नाही, फार तर त्याचा फोटो काढून सपाट कापडावर प्रिंट मारतील. त्यामुळे असं वेळखाऊ काम करणं हा छोट्यांचा धंद्यातला शहाणपणाच आहे.

धागेवाला
हा मुद्दा मान्य. तरी रोज घालायला मी पॉलिस्टरच घेणार.

उसवण
सुईदोरा, घेणार असशील तर आतल्या बाजूचे फोटो मागव. मुंढ्यापाशी अस्तर ओढलं जात नाही ना ते बघ, शिवणीला माया (आत सोडलेलं जादा कापड) किती ठेवलीय ते पण. उद्या थोडं सैल करायचं झालं तर माया नसेल तर कुणालाच काही करता येणार नाही. दुरुस्ती करून देते का तेही विचार.

काळाटीशर्ट
माया असो नसो, धुणार कसं ते राहिलंच.

सुईदोरा
थंड पाण्यात, न चोळता, न पिळता, आडवं पसरून वाळवायचं. मेसेज टाकलाय तिला, आतले फोटो आले की टाकते इथे.