ट्रायकोकार्ड आणि तंबाखूची अळी

"सोयाबीनमध्ये ट्रायकोकार्ड लावली, तरी तंबाखूवरच्या अळीने पानं चाळणी केली, मित्रकीटक वगैरे सगळं थोतांड" असं वर दादांनी लिहिलंय. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा नावाच्या इवल्या गांधीलमाशीची पिल्लं आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद; ही माशी किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि ते मारते. पैसे वाया गेले हे खरं, थोतांड मात्र पटत नाही. या अळीचा मादी पतंग अंडी सुटी घालत नाही. पानाच्या खाली दोन-तीनशे अंड्यांचा पुंजका, थरावर थर, आणि वरून स्वतःच्या पोटाचे भुरकट केस चिकटवून गोधडी केलेली. ट्रायकोग्रामाला त्यात शिरता येत नाही. फार तर कडेची चार अंडी सापडतात. घाटे अळीची अंडी सुटी आणि उघडी असतात, म्हणून तिथे तीच कार्डं बरी चालतात.

या पुंजक्याचा खरा गिऱ्हाईक टेलेनोमस रेमस. काळी गांधीलमाशी म्हणायची, पण असते जेमतेम अर्धा मिलिमीटर, केसांतून थेट खालच्या थरापर्यंत जाते आणि तिथल्या अंड्यांत आपली अंडी घालते. मक्यावरच्या लष्करी अळीची अंडीही सोडत नाही. मी गेल्या खरिपात बांधाकडच्या झाडांवरचे पाच पुंजके पानासकट तोडून काचेच्या बरणीत ठेवले, तोंडाला धोतराचं फडकं बांधलं. तीन पुंजक्यांतून चौथ्या दिवशी अळ्या वळवळल्या. उरलेले दोन काळे पडले. मी तर सडले म्हणून फेकायलाच निघालो होतो! दहा-अकरा दिवसांनी बरणीच्या काचेवर मिरपूड उधळल्यासारखे ठिपके, आणि ते चालत होते, टेलेनोमसच. विकत काही आणलं नव्हतं, फक्त त्या कडेला तोवर फवारा मारला नव्हता.