कॅनडात जेल भेटीला गेलो, मशीन म्हणे पर्सला ड्रग्ज!

दीर फेडरल जेलमध्ये आहे, शनिवारी सासूबाईंना घेऊन तीन तास गाडी चालवत गेलो तर गेटवर आयन स्कॅनरने (ड्रग्जचे बारीक कण शोधणारं मशीन) त्यांच्या पर्सवर कोकेन दाखवलं. ७१ वर्षांची बाई हो, चहासुद्धा बिनसाखरेचा पिते! भेट काचेआडून झाली, त्या रडत होत्या. असं कुणाचं झालंय का?

रिप्लाय १: झालंय. ते मशीन नॅनोग्रॅममध्ये मोजतं, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नोटांवर बरेचदा कोकेनचे कण असतात, पेट्रोल भरून सुट्टे घेतले की हाताला लागले. मी आता कार्डच वापरते आणि आत जायच्या आधी हात धुते.

रिप्लाय २: शिवाय रेणू किती वेळात नळीतून सरकतो एवढंच ते बघतं, त्यामुळे एखादं साधं औषधही गंडवू शकतं. काकूंच्या गोळ्यांची यादी जवळ ठेवा. दुसऱ्यांदा स्वॅब (पुसून घेतलेला नमुना) घ्या म्हणून शांतपणे सांगा, आणि निर्णय लेखी मागा.

रिप्लाय ३: ताई, भांडू नका तिथे. आम्ही भांडलो, पुढच्या भेटीलाही काचच 😑

मूळ प्रश्न विचारणारी: थँक्स सगळ्यांना. सासूबाई म्हणतायत पर्स घरीच ठेवते, पण त्यातला देवाचा फोटो कुठे ठेवू?