धानाच्या बांधीत सारसाचं घरटं, पाणी चढतंय. काय करावं?

धानपट्टा:
गोंदिया तालुका, वाघ नदीच्या अंगाचं शेत. रोवणी झालेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, सारसाच्या जोडीचं घरटं आहे, अंडी दोन. जोराचा पाऊस आला की पाणी घरट्याच्या कडेला लागतं. शेतकरी म्हणतो, बांधी रिकामी करतो. करू द्यावी का? की घरटं उचलून बांधावर ठेवावं?

बोडीकाठ:
दोन्ही नको. भोवतीचं पाणी हाच त्या घरट्याचा खंदक. बांधी सुकली की त्याच रात्री कुत्री नाहीतर कोल्हे पोचतात. बांधावर तर वाटच मोकळी. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे.
पाणी हळू चढलं तर सारस स्वतःच गवत, धानाची रोपं रचून घरटं उंच करतात. मारतं ते एका रात्रीत चढलेलं पाणी. म्हणून घरट्यापासून लांबच्या कोपऱ्यात बांध कापा, पण तळापर्यंत नाही. कापाचा उंबरा अंड्यांच्या पातळीपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी आपोआप निघेल, बाकीचं राहील. अंदाज दुर्बिणीतून घ्या. कापात दगड किंवा तणीस (धानाचा पेंढा) दाबा, नाहीतर धारेनं तो खोल होत जातो आणि सकाळी बांधी कोरडी! वरच्या बांधीवाल्यालाही सांगा, एकदम पाणी सोडू नको म्हणून.

निंदणवाला:
पाण्याचं जमवलं तरी कावळ्यांचा धोका राहतोच. माणूस जवळ आला की सारस उठतात, आणि उघडी अंडी कावळ्याला लगेच दिसतात. दुपारच्या उन्हात तर ती तापतातही. घरट्याभोवतीचं निंदण, फवारणी तेवढी सोडून द्या. फोटोवाल्यांना बांधावर येऊच देऊ नका.
शेतकऱ्याचा खरा राग उपटलेल्या रोपांचा असतो. घरटं दीड-दोन मीटर रुंद होतं, आजूबाजूचं धानही जातं. ती जागा आत्ताच मोजून भरपाई ठरवा. कापणीच्या वेळी वाद घालण्यात अर्थ नाही.

धानपट्टा:
किती दिवस सांभाळायचं?

बोडीकाठ:
उबवण साधारण ३१ ते ३४ दिवस. अंडी दोनेक दिवसांच्या अंतरानं घातलेली असतात, त्यामुळे एक पिल्लू निघालं तरी दुसरं अंडं वाया गेलं असं लगेच समजू नका. पिल्लं निघाल्यावर थोड्याच दिवसांत आईबापांमागे बांधी सोडतात, पण उडायला तीन महिने लागतात. मधेच कापणी येते आणि आडोसा जातो. तेव्हा तलावाच्या काठचं गवत कापू, जाळू देऊ नका, आणि राखणीची कुत्री बांधून ठेवायला सांगा. शेतावरून तारा जात असतील तर पिल्लं उडू लागायच्या आधी वीज कंपनीकडून त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावून घ्या. अर्ज आत्ताच टाका, वेळ लागतो.