'आमचा धर्मग्राम' ग्रुप : गुलाबी मेणबत्ती आणि घाईतला नाताळ

रविवार, 7 डिसेंबर 2025

इनास काका: प्रभूची शांती. आज सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शेवटी कॉयरने जे गीत म्हटलं, ते आगमनकाळाच्या, नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, गीतांमध्ये कुठे आहे हे कोणी सांगेल का? मी शोधलं, मिळालं नाही. बाळाचा जन्म 25 तारखेला आहे अशी माझी तरी समजूत आहे.

रोझी (कॉयर): काका, सरळ नाव घेऊन विचारलं असतं तरी चाललं असतं. हो, नाताळगीत होतं. एकच. तेही लोक उठून निघाल्यावर.

इनास काका: लोक निघाले म्हणून काहीही गायचं?

रोझी (कॉयर): गेल्या वर्षी आगमनकाळात आम्ही रडकं गातो असं तुम्हीच म्हणाला होतात.

बावतीस मामा: रडकं नाही, "झोप येते" म्हणाले होते. मी शेजारीच होतो 😄

फिलोमिना मावशी: सर्वांना नमस्कार. नाताळाआधी कन्फेशन कधी आहे, वेळ कोणी टाकेल का?

मोनिका वहिनी: माझंही एक आहे. आज आगमनचक्रावर दुसऱ्या रविवारची मेणबत्ती म्हणून गुलाबी कोणी पेटवली?

मोनिका वहिनी: मी मागच्या बाकावर होते, उठून जाताही येईना. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, यात गोंधळण्यासारखं काय आहे? मिस्सा, मग घोषणा, मग त्या घोषणांवरची चर्चा, एवढा वेळ ती जळत होती. चांगली दोन बोटं खाली आली आहे. बाजूला मेणाचा ओघळ येऊन हिरव्या पानांवर थिजलाय तो वेगळाच.

सिल्वेस्टर (युवा): वहिनी, मुलगा नवीन आहे. काठी लांब, चक्र उंचावर. जी वात सापडली ती पेटवली त्याने. बिचाऱ्याला आधीच सगळे बोललेत.

मोनिका वहिनी: मी त्याला बोलत नाहीये. शिकवलं कोणी ते विचारतेय.

सिल्वेस्टर (युवा): 🙏

बावतीस मामा: म्हणजे तिसऱ्या रविवारचा आनंद दुसऱ्याच रविवारी जाळून झाला.

इनास काका: बावतीस, तू चेष्टेत बोललास, पण मी नेमकं हेच म्हणतोय. मेणबत्ती चुकून पेटली, ते सोड. बाकी सगळं आपण मुद्दाम करतोय. युवांनी दारावर तारा लावला तो पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री. म्हणजे आगमनकाळाआधीचा ख्रिस्तराजाचा आठवडा नुकताच संपला होता! येशूजन्माच्या देखाव्याला, गोठ्याला, दिवे लागले. कॉयर सुरू. मग 24 ला रात्री नवीन काय उरतं? आणि 26 ला सकाळी शिडी लावून सगळं उतरवायला हेच पुढे. नाताळकाळ 26 ला संपत नाही. यंदा तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत आहे, म्हणजे 11 जानेवारी. दरवर्षी सांगतो.

बावतीस मामा: हे मात्र खरं, दरवर्षी सांगतात.

रोझी (कॉयर): काका, आगमनकाळ म्हणजे उपवासकाळ नव्हे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आलेलुयाचा जयघोष बंद होतो, आता चालू आहे. तो आम्ही दर रविवारी जीव तोडून गातो. तेव्हा चेहरे पाडून बसा असं कोणी सांगितलेलं नाही.

इनास काका: ग्लोरियाचं गौरवगीत बंद आहे ना?

रोझी (कॉयर): उद्या आहे. निष्कलंक मातेचा सण. आपण वाचक आहात, आपल्याला माहीत असेलच.

फिलोमिना मावशी: कन्फेशनची वेळ कोणाला माहीत आहे का?

जोसेफ सर: मध्ये बोलतो, माफ करा. दोघांचंही म्हणणं कागदावर आहे. 1969 च्या उपासनावर्षाच्या नियमांत कलम 39 बघा. आगमनकाळाची दोन अंगं दिली आहेत: प्रभूच्या पहिल्या आगमनाची आठवण आणि त्याच्या दुसऱ्या आगमनाची वाट. आणि म्हणून हा काळ भक्तीचा आणि आनंदाने वाट पाहण्याचा आहे, असं स्पष्ट म्हटलंय. रोझीचा मुद्दा झाला. आता मिस्साग्रंथाच्या सुरुवातीची मार्गदर्शिका, कलम 305 आणि 313. आगमनकाळात वेदीवरची फुलं आणि वाद्यं बेताची असावीत, जन्मोत्सवाचा पुरा आनंद आधीच प्रकट करू नये. हा इनासरावांचा मुद्दा.

बावतीस मामा: सर, निकाल काय? अर्धं गीत गायचं का?

जोसेफ सर: वाट पाहण्यातही आनंद असतो, पण त्याची गीतं वेगळी असतात. ती आहेत आपल्याकडे. यशयावरची आहेत, योहान बाप्तिस्त्यावरची आहेत. आपण ती नीट बसवतच नाही, कारण ऑक्टोबरपासून तालीम नाताळगीतांची.

रोझी (कॉयर): तालमीला किती जण येतात ते सर तुम्ही एकदा येऊन बघा, मग बोलू.

*हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

बावतीस मामा: कोणाचा होता? काय होतं? 👀

मोनिका वहिनी: मेणबत्तीचं कोणी काही बोलणार आहे का?

जोसेफ सर: वहिनी, चक्राचं फार मनावर घेऊ नका. तसंही ते आपल्याकडे उशिरा आलं. 1839 मध्ये हॅम्बुर्गला विखर्न नावाचे एक लुथेरन पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. त्यांनी गाडीचं जुनं चाक टांगलं, त्यावर रोजची छोटी आणि रविवारची मोठी मेणबत्ती. कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र 1925 च्या सुमारास कोलोनला पहिल्यांदा लागलं म्हणतात.

इनास काका: म्हणजे हे प्रोटेस्टंटांकडून आलंय?

बावतीस मामा: झालं. आता चक्रपण काढा.

इनास काका: मी तसं म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी काहीही घालू नये.

मोनिका वहिनी: चक्र काढायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे ओघळ खरवडायचे माझे कष्ट वाचतील.

ॲडमिन: कृपया वैयक्तिक होऊ नये. स्पीकरच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

बावतीस मामा: स्पीकरचं नाव नको.

सोमवार, 8 डिसेंबर

पास्कल: 🌹 शुभ सकाळ 🌹 ज्याच्याकडे धीर आहे त्याच्याकडे सर्व आहे 🌹 दहा जणांना पाठवा 🌹

फिलोमिना मावशी: सणाच्या शुभेच्छा. कन्फेशनचं विचारलं होतं मी.

रोझी (कॉयर): रात्री विचार केला, लिहूनच टाकते. 2023 आठवा. 25 सोमवारी आला होता, म्हणून 24 ला सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि त्याच रात्री नाताळ. सकाळी जांभळं, दुपारी वेदीवरची चादर काढून पांढरी. मोनिका वहिनी आणि मी साक्रिस्तीत, चर्चच्या तयारीच्या खोलीत, जमिनीवर बसून जेवलो. चौथी मेणबत्ती काही तासांची पाहुणी ठरली. तेव्हा कोणी विचारलं नाही, कॉयर कसा आहे. आम्हाला वाट बघायला वेळच नव्हता. त्या वर्षी मला कळलं की चार आठवडे पुरे मिळणं ही चैन आहे. तेव्हा काका, तुमचा मुद्दा मला कळत नाही असं समजू नका. कालचं गीत मी घेतलं, कारण दोन नवीन मुली पहिल्यांदाच आल्या होत्या आणि त्यांना तेवढं एकच येत होतं.

इनास काका: हे काल सांगितलं असतंस तर.

रोझी (कॉयर): काल तुम्ही पान नंबर विचारत होता.

इनास काका: बरं. पण माझं एक उत्तर दे. पवित्र कुटुंबाचा सण यंदा 28 ला, रविवारी. तेव्हा नाताळगीतं गायची हक्काची वेळ. किती जण असतात कॉयरमध्ये?

रोझी (कॉयर): चार. त्यातला एक पेटीवाला.

इनास काका: तेच. डिसेंबरभर तेच गाऊन 26 ला सगळ्यांना कंटाळा आलेला असतो. सण सुरू होतो आणि आपण दमून घरी. मला आनंदाचं वावडं नाही, तो अवेळी संपतो याचं वाईट वाटतं.

सिल्वेस्टर (युवा): काका, ताऱ्याबद्दल: तो युवांनी वर्गणी काढून आणलाय, आता उतरवणार नाही. पण दिवा 24 पर्यंत बंद ठेवतो. चालेल?

इनास काका: बंद तारा लटकवून काय मिळणार?

बावतीस मामा: वाट.

आग्नेस आजी: नातू टाइप करतोय. मला तो बंद तारा आवडेल. येताजाता बघेन, आज नाही, आज नाही. बाकी तुमचं चालू द्या. गोठ्यात पेंढा ठेवलाय तो छान केलाय. आम्ही लहान होतो तेव्हा पण एक चांगलं काम केलं की एक काडी ठेवायची. बाळ येईपर्यंत अंथरूण मऊ व्हायला हवं.

मोनिका वहिनी: आजी, तुमच्या वेळी एक काडी असायची. काल एका मुलाने दोन हातांत मावेल तेवढा पेंढा आणून टाकला. विचारलं, एवढी चांगली कामं कधी केलीस? म्हणे, ॲडव्हान्स.

बावतीस मामा: हा मुलगा पुढे पॅरिश कौन्सिलवर जाणार 😂

जोसेफ सर: यावरून आठवलं. ग्रेच्चोला 1223 मध्ये संत फ्रान्सिसने गोठा केला, त्यात पुतळे नव्हतेच. गवताची गव्हाणी, बैल आणि गाढव. पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 ला तिथेच जाऊन गोठ्यावरच्या पत्रावर सही केली, त्यातही हे आलंय. आपण मात्र गोठा उभारला की पहिल्याच दिवशी बाळ ठेवतो आणि तीन राजेही आणून बसवतो.

इनास काका: बाळ आत्ता आत आहे का??

मोनिका वहिनी: नाही. साक्रिस्तीच्या कपाटात, कापडात गुंडाळून. किल्ली माझ्याकडे आहे. काळजी नसावी.

सिल्वेस्टर (युवा): एक सुचवू का? रागावू नका. पोलंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत आगमनकाळात पहाटे अंधारात मिस्सा होते. दिवे सगळे बंद, फक्त लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या. रोराते म्हणतात, पवित्र मरियेच्या सन्मानार्थ असते. संपते तेव्हा खिडक्यांतून उजेड आलेला असतो. आपण एकदा करून बघायचं का? आम्ही युवा सगळी तयारी करू.

इनास काका: हे चांगलं आहे.

रोझी (कॉयर): स्क्रीनशॉट काढून ठेवते. काका युवांना "चांगलं आहे" म्हणाले.

बावतीस मामा: पहाटे म्हणजे किती वाजता? आधी ते स्पष्ट होऊ दे.

सिल्वेस्टर (युवा): साडेपाच.

बावतीस मामा: मी घरूनच वाट पाहीन.

रोझी (कॉयर): साडेपाचला आवाज कोणाचा लागणार? पण वाद्य नसेल तर जमेल. दोनच गीतं, सर म्हणतात तीच. काका, तुम्ही याल कॉयरमध्ये?

इनास काका: मी वाचन करेन. माझा घसा बसलेला असतो सकाळी.

रोझी (कॉयर): 28 ला पण बसलेला असणार का?

इनास काका: 28 ला येतो. लिहून घे.

फिलोमिना मावशी: कन्फेशन. वेळ. कृपया.

फादर: सगळं वाचलं. आज मिस्सा दोन होत्या, म्हणून उशीर. शनिवारी 13 ला पहाटे साडेपाचला रोराते करू. दिव्याचे खटके सिल्वेस्टरच्या ताब्यात, पण कोणी अडखळून पडू नये म्हणून दारापाशी एक दिवा चालू राहील. रविवारी गाउदेते, आगमनकाळाचा तिसरा, आनंदाचा रविवार. गुलाबी झगा कपाटात आहे, तो घालणं ऐच्छिक असतं, पण घालतो. आधीचे फादर माझ्यापेक्षा बरेच उंच होते, तेव्हा पायात आला तर हसू नये. शुभवर्तमान वाचून या: तुरुंगातला योहान बाप्तिस्ता येशूला विचारतो, "येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?" त्यानेही वाटच पाहिली आणि त्याला उत्तर कोठडीत मिळालं. गुलाबी रंगाच्या रविवारी तुरुंगाचं वाचन का ठेवलंय, यावर मी बोलणार आहे, इथे सगळं सांगत नाही. नाताळगीतं 24 च्या संध्याकाळपासून 11 जानेवारीपर्यंत हवी तेवढी. तोवर नकोत, रोझी, नवीन मुलींना मी स्वतः एक गीत शिकवतो.

रोझी (कॉयर): फादर, तुम्ही शिकवू नका. आम्ही शिकवतो 🙏

फादर: बरं. कन्फेशन: गुरुवार 18 आणि शुक्रवार 19, संध्याकाळी पाच ते आठ. बाहेरचे दोन धर्मगुरू येतील. मावशी, उशीर झाला.

फिलोमिना मावशी: धन्यवाद फादर. देवाचे आभार.

मोनिका वहिनी: मेणबत्तीचं ठरवून टाकते. रविवारी दुसरी जांभळी आधीपासून पेटवून ठेवेन, म्हणजे उंची जुळेल. गुलाबी आहे तशीच. नवीन आणायची नाही, आखूड तर आखूड. तो मुलगाच पेटवेल. शनिवारी संध्याकाळी त्याला काठी घेऊन माझ्याकडे पाठवा.

सिल्वेस्टर (युवा): पाठवतो वहिनी. तो स्वतःच विचारत होता परत मिळेल का म्हणून.

पास्कल: कन्फेशन कधी आहे?

बावतीस मामा: पास्कल, वर बघ.

पास्कल: वर म्हणजे?

फिलोमिना मावशी: गुरुवार 18, शुक्रवार 19, पाच ते आठ. गुरुवार 18, शुक्रवार 19, पाच ते आठ.

मोनिका वहिनी: आणि पेंढा संपत आलाय. शनिवारी कोणीतरी आणा. मुलांना सांगा, एका कामाला एकच काडी, ॲडव्हान्स बंद.