लिनक्सच्या डिस्ट्रोंमध्ये नेमका फरक काय? (शाळेच्या लॅबसाठी विचारते आहे)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते आणि कॉम्प्युटर लॅबही माझ्याकडेच आहे. मशिन्स जुनी आहेत: सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज ११ त्यांवर अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. नव्या मशिन्ससाठी यंदा निधी नाही, म्हणून लिनक्स टाकायचं ठरलंय.

पण कुठलं? त्याच्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सवर बांधलेल्या तयार प्रणाली, बऱ्याच आहेत. एकजण म्हणतो उबुंटू, दुसरा मिंट, भाचा म्हणतो फेडोरा. सगळ्यांचा कर्नल (आतला गाभा) तोच, लिबरऑफिस तेच, फायरफॉक्स तेच, मग एवढी नावं कशाला? फरक फक्त मेनू आणि वॉलपेपरचा आहे की आतही काही वेगळं असतं? आम्हाला मराठी टायपिंग, गणितासाठी जिओजेब्रा, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला स्क्रॅच आणि ऑफिसातला लेझर प्रिंटर एवढंच लागतं. एकदा बसवलं की वर्षभर हात लावावा लागू नये, ही मुख्य अट.

टर्मिनल_तात्या

ताई, फरक आतलाच आहे. मेनू हा त्यातला सगळ्यात किरकोळ. एक्सएफसीई, सिनॅमन, नोम, केडीई यांतला कुठलाही डेस्कटॉप जवळपास कुठल्याही डिस्ट्रोवर बसतो.

मी आमच्या तालुक्याचं वाचनालय आणि दोन पतसंस्थांची मशिन्स बघतो. तिथे रोज जाणवतं ते असं, की मशिनवर काय येणार, कधी येणार आणि किती वर्षं सांभाळलं जाणार, हे ठरवणारी माणसं प्रत्येक डिस्ट्रोत वेगळी असतात. आपण निवडतो ती खरं तर ही माणसं.

तुमचं फायरफॉक्सच घ्या. उबुंटू २२.०४ पासून पुढे टर्मिनलमध्ये 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' दिलं तरी नेहमीचं डेब पॅकेज (प्रोग्रॅम बसवायची तयार फाइल) येत नाही, स्नॅप या वेगळ्या पद्धतीचं पॅकेज येतं. ते कॉम्प्रेस केलेलं असल्यामुळे साध्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. मिंट हे उबुंटूवरच उभं आहे, पण त्यांनी २०२० पासून स्नॅप बंद ठेवलंय, त्यामुळे तीच आज्ञा तिथे साधं डेब आणते. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या आवृत्तीत मिळतं ते फायरफॉक्स-ईएसआर, म्हणजे नवी वैशिष्ट्यं साधारण वर्षातून एकदा, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी. फेडोरात ताजी आवृत्ती येते, पण आरपीएम या दुसऱ्या प्रकारच्या पॅकेजमधून आणि ॲप्टऐवजी डीएनएफ वापरून. ब्राउझर एकच, पण तुमच्यापर्यंत पोचायच्या वाटा चार, आणि प्रत्येक वाटेमागे कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय.

आता वर्षांचा हिशेब. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवं निघतं आणि एकेक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते. म्हणजे दरवर्षी अख्खी लॅब अपग्रेड करा. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिला ५ वर्षं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर बांधलेलं असल्याने त्याला २०२९ पर्यंत. डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. त्याला ३ वर्षं नेहमीचा आणि पुढे २ वर्षं एलटीएसचा सपोर्ट. आर्चमध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही, जे तयार होईल ते सतत येत राहतं. ज्याला रोज मशिनशी बोलायचंय त्याच्यासाठी ते उत्तम, लॅबसाठी नको.

माझा स्वतःचा जीव डेबियनवर आहे आणि त्याचं कारण तांत्रिक कमी, कारभाराचं जास्त. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं. मालक कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक पॅकेजं सांभाळतात आणि वाद झाला की मतदान घेतात. पूर्वी डेबियन टाकल्यावर कित्येक लॅपटॉपांवर वाय-फाय दिसायचंच नाही, कारण त्या चिपची फर्मवेअर (चिप चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) बंदिस्त असायची आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वामुळे ती अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायची. दुसऱ्या पेनड्राइव्हवर फर्मवेअर घेऊन बसावं लागायचं. २०२२ मध्ये त्यावर मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ती इन्स्टॉलरमध्येच येऊ लागली. सगळी चर्चा उघड, आजही कुणालाही वाचता येते. माझ्या वाचनालयातल्या मशिनवर काय चालतं, हे असं चारचौघांत ठरतं याचं मला फार मोल वाटतं.

तुमच्यासाठी माझं मत: डेबियन १३, एक्सएफसीई डेस्कटॉप.

रात्रपाळी

तात्यांनी सांगितलं त्यात भर. एकच प्रोग्रॅम दोन डिस्ट्रोंत आतून कसा वेगळा असू शकतो, हे मार्च २०२४ मधल्या एक्सझेड प्रकरणात स्वच्छ दिसलं.

एक्सझेड ही फाइली कॉम्प्रेस करण्याची छोटी लायब्ररी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदार घालून ठेवलं होतं, रोख एसएसएच सर्व्हरवर, म्हणजे दुरून मशिनमध्ये लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रॅमवर. मूळ एसएसएच सर्व्हर ही लायब्ररी वापरतच नाही. पण डेबियन आणि फेडोरावाले त्याला स्वतःचा एक पॅच (कोडमधला छोटा बदल) लावत, सर्व्हर सुरू झाल्याची खबर सिस्टमडीला, म्हणजे मशिनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेला, मिळावी म्हणून. त्या पॅचमुळे सिस्टमडीची लायब्ररी जोडली जाई आणि तिच्यामागून एक्सझेड आत येई. आर्चवाले तो पॅच लावत नाहीत. त्यामुळे सदोष पॅकेज आर्चमध्ये पोचलं तरी तिथल्या एसएसएचला ही वाट नव्हती.

आणि वेळेचा मुद्दाही त्यातच आला. ती आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या शाखेत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत आणि सतत अपडेट होणाऱ्या ओपनसूझे टम्बलवीडमध्ये शिरली होती. डेबियन स्टेबल, उबुंटू एलटीएस आणि रेड हॅट एंटरप्राइझपर्यंत पोचायच्या आत आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनी ती पकडली. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. जुनी आवृत्ती म्हणून स्टेबलला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

कोकणकडा

फेडोराची बाजू मांडतो, कारण भाचा चुकीचं सांगत नाहीये. पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी पद्धत वेलँड, ती तिथे २०१६ मध्येच डीफॉल्ट झाली, आवाजासाठी पाइपवायर २०२१ मध्ये. पुढे बाकीच्या डिस्ट्रोंनी जे घेतलं ते आधी फेडोरात घासून निघालं. नवा लॅपटॉप असेल तर नवा कर्नल लागतो, आणि तिथे मी डोळे झाकून फेडोरा सुचवेन. भाच्याकडे बहुधा नवा लॅपटॉप असणार. ताईंच्या लॅबला मात्र मी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या म्हणेन. ड्रायव्हर मॅनेजर आणि टाइमशिफ्ट (बिघडलं तर मशिन मागच्या स्थितीत नेणारं) आयते मिळतात. शिक्षक बदलून गेले तर पुढच्या माणसाला डेबियनपेक्षा मिंट लवकर समजेल.

खडू_फळा

सगळ्यांचे मनापासून आभार, आता चित्र दिसायला लागलं. दोन शंका. एक, सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स घ्या असंही एकांनी सुचवलंय, ते कसं? दुसरी, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये आहेत, त्यांचं काय होईल?

टर्मिनल_तात्या

बॉस डेबियनवरच आधारलेलं आहे, म्हणजे घराणं तेच: डेब पॅकेजं, ॲप्ट. भारतीय भाषांची सोय आधीपासून घातलेली असते. पण दुरुस्त्या थेट मूळ डेबियनकडून मिळाव्यात, असं माझं मत. शाळांत हे चालेल का अशी कुणी शंका काढली तर केरळचं उदाहरण द्या, तिथल्या सरकारी शाळांत उबुंटूवर बांधलेली त्यांची स्वतःची डिस्ट्रो चालते.

प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत सगळ्या डिस्ट्रो सारख्याच. फॉन्टची टीटीएफ फाइल कॉपी केली की जुना मजकूर दिसेल, पण त्या फॉन्टचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, ते इथे चालणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. नव्या टायपिंगसाठी आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं टाका, इन्स्क्रिप्टपासून गमभनपर्यंत सगळे कळफलक त्यात आहेत. जिओजेब्रा आणि स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतात. नेट जात असेल तर स्क्रॅचऐवजी टर्बोवार्प टाका.

कोकणकडांचा बदलीचा मुद्दा मला पटला. मिंट घेतलंत तरी माझी हरकत नाही, दुरुस्त्यांचा प्रवाह शेवटी डेबियनच्याच घराण्यातला आहे. वर्षभर हात लागू नये म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील असं सेटिंग चालू करा. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज 'अनअटेंडेड-अपग्रेड्स', मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये. एका मशिनवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवा आणि बाकीच्या मशिन्सना त्याचा पत्ता द्या, मग प्रत्येक अपडेट शाळेच्या नेटवरून एकदाच उतरेल.

सगळ्यात आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशिनवर न बसवता, चालू करून प्रिंटर तपासा. कंपनीने त्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर दिला आहे का आणि तो डेबमध्ये आहे की आरपीएममध्ये, ते बघा. फक्त आरपीएम असेल तर इथे परत विचारा. आणि डेबियनची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवताना 'एएमडी६४' लिहिलेलीच घ्या, तुमच्या इंटेलच्या मशिन्सनाही तीच लागते.