खैराचे औषधी उपयोग : थोडी भर

खैराचा उपयोग विड्यातल्या कातापुरताच आहे, असे एका प्रतिसादात म्हटले आहे, ते मला अपुरे वाटते. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात कुष्ठघ्न, म्हणजे कुष्ठ बरे करणाऱ्या, द्रव्यांमध्ये खदिर (खैर) श्रेष्ठ सांगितला आहे. तेथे कुष्ठ या संज्ञेत महारोगाबरोबर त्वचेचे इतर अनेक विकारही येतात, आणि त्याच परंपरेतून आलेले खदिरारिष्ट हे खैराचे आंबवलेले औषध वैद्य आजही त्वचारोगांत देतात. तोंड येणे, हिरड्यांतून रक्त येणे, घसा बसणे यांवर खदिरादि वटी चघळायला दिली जाते.

हे गुण मुख्यतः झाडाच्या तांबूस, कठीण गाभ्यात असतात. गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून तो काढा आटवला की कात मिळतो. त्यातील टॅनिन व कॅटेचिन या द्रव्यांमुळे तो तुरट आणि स्तंभक (स्राव रोखणारा) असतो, म्हणूनच अतिसारातही तो वापरला जाई. कात काढणे हा रायगड-ठाण्यातील कातकरी समाजाचा पिढीजात व्यवसाय होता, आणि या माहितीचे श्रेय देताना त्यांचा उल्लेख राहून जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र औषध म्हणून पानपट्टीवरचा कात वापरू नये, कारण त्यात भेसळ असू शकते. शिवाय सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरलेली असल्याने सुपारीच्या विड्याला औषध समजणे धोक्याचे आहे. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे.