फोन आता बदलू की कापूस विकेपर्यंत थांबू? (मदत हवी आहे)

काळी_कसदार:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात आमचं गाव. पाच एकर वावर. पऱ्हाटीत (कपाशीत) तूर आहे, सोयाबीन निघालं तिथे चना पेरलाय. घरातलं मोबाईलवरचं सगळं काम माझ्याकडे: सासऱ्यांच्या आणि यांच्या सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणी (पिकाची मोबाईलवरून नोंद), पीएम किसानचं केवायसी, सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) कपास किसान अ‍ॅपवरची नोंदणी आणि आमच्या बचत गटाचा हिशेब. यांच्याकडे बटणाचा फोन आहे, म्हणजे स्मार्टफोन घरात हा एकच.

2020 मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा मुलीसाठी घेतला होता. 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज, अँड्रॉइड 10. घरी असलं की काही तक्रार नाही. कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, पैसे पाठवणं, सगळं होतं. वावरात नेला की मात्र दगा देतो. पीक पाहणीला पिकात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. चन्याच्या तासात उभी राहिले, लोकेशन लागता लागेना. कसंबसं लागलं, कॅमेरा उघडला, आणि 38 टक्के बॅटरी दाखवणारा फोन एकदम बंद! घरी येऊन चार्जरला लावला तर लगेच 30 च्या वर दाखवतो. मग चार्ज गेला कुठे होता?

आता पैशाचं सांगते. कापूस खोलीत भरून ठेवलाय. 2025-26 च्या या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे, खेड्यात येऊन घेणारे व्यापारी त्याच्या बरंच खाली मागतात, म्हणून सीसीआयलाच द्यायचं ठरवलंय. त्याचा स्लॉट (कापूस न्यायची ठरलेली वेळ) आणि ओटीपी याच फोनवर. आणि फोनसाठी पैसा येणार तो कापूस गेल्यावरच. 12 ते 14 हजारांच्या पलीकडे जाता येणार नाही. दुकानदार म्हणतो, आजच हप्त्यावर घेऊन जा. दीर म्हणतात, गुढीपाडव्यापर्यंत थांब, जीएसटी कमी झालाय, फोन स्वस्त होतील.

ऐन कामाच्या वेळी फोन बसला तर स्लॉट हातचा जाईल, ही मुख्य भीती. हप्ते काढून आत्ताच घेऊ, कापूस विकेपर्यंत ओढू, की पाडव्याची वाट पाहू? ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणी सांगा.

पऱ्हाटीवाला:

ताई, हप्त्याच्या भानगडीत पडू नका. आपला पैसा काही महिन्याच्या महिन्याले येत नाही. माह्या फोनचं बी असंच झालतं, बॅटरी बदलली अन् अजून चालते. आधी कापूस इका, मंग पाहा.

दुरुस्तीवाला_वणी:

ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की फोन हातात न घेताही बरंचसं कळलं. तुमच्या फोनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र धरू नका.

पहिली बॅटरी. चार्ज कुठेही गेला नव्हता, तो आतच होता. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो. कॅमेरा, जीपीएस आणि नेट एकदम सुरू झाले की फोन जास्त करंट ओढतो, तेवढ्यात व्होल्टेज खाली पडतं आणि फोन स्वतःच बंद होतो. ओढ थांबली की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून घरी 30 दिसले. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही खात नाही. त्यात टिनाच्या खोलीत, उशीखाली चार्जिंग! पाच वर्षं टिकली हेच खूप. हजार-बाराशेत चांगली बॅटरी बसते. फक्त रस्त्यावरची दोनशे-तीनशेची डुप्लिकेट घेऊ नका. आणि फोनची पाठ थोडीही फुगलेली दिसली तर आजच चार्जिंग बंद करा, ते आग लागण्यापर्यंत जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट लोकेशन. यात फोनचा दोष कमी आहे. नेटवर्क असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन नेटवरून घेतो आणि काही सेकंदांत जागा सापडते. नेटवर्क नसलं की तीच माहिती उपग्रहाच्या संदेशातून घ्यावी लागते. ती दर 30 सेकंदांनी फिरून येते आणि मध्ये सिग्नल तुटला की पुन्हा थांबा. म्हणून घरून, नेटवर्क असताना, लोकेशन चालू करा, नकाशा उघडून आपला ठिपका दिसू द्या आणि मगच वावरात जा. ती माहिती दोन-चार तास कामी येते. झाडाखाली उभं राहू नका, उघड्या आभाळाखाली राहा.

तिसरी गोष्ट म्हणजे अँड्रॉइड 10 आणि 3 जीबी रॅम. यावर माझ्याकडे इलाज नाही. अँड्रॉइड 10 हे 2019 चं, त्याला सुरक्षेचे अपडेट आता येत नाहीत. ज्या फोनवरून बँक आणि ओटीपी चालतं त्याला हे चांगलं नाही. तेव्हा फोन बदलावा लागेलच, पण आठ दिवसांत बदलला नाही म्हणून काही बुडत नाही. आधी बॅटरी टाका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरचे व्हिडिओ पुसून 5-6 जीबी जागा मोकळी करा आणि कापसाचं काम उरकून घ्या.

मोर्शीकर:

दुरुस्तीवाल्या दादांशी सहमत. पण पाडव्याची वाट मात्र पाहू नका, हे माझं ठाम मत. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कमी झाला तो ट्रॅक्टर वगैरेंवर, 12 चा 5 झाला. मोबाईलवर एप्रिल 2020 पासून 18 टक्के आहे, तो तसाच आहे. उलट एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपची इतकी मागणी आहे की 2025 च्या शेवटी मेमरीचे भाव चढले. स्वस्त फोनच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा, त्यामुळे पहिला मार 12-15 हजारांच्या फोनलाच बसतो. थांबलं की फोन स्वस्त होतो हा आपला जुना अनुभव, यंदा त्यावर भरवसा ठेवू नका.

घेताना 4 जीबी रॅमचा घेऊ नका, 6 जीबी बघा. आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यापेक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. सॅमसंगने गॅलॅक्सी एम16, ए16 या स्वस्त 5जी फोनलाही 6 वर्षांचे अपडेट कबूल केले आहेत. तुम्ही पाच-सहा वर्षं फोन वापरणारी माणसं, तुम्हाला तेच कामाचं.

काळी_कसदार:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार्जिंगचं अगदी बरोबर ओळखलंत दादा, टिनाच्या खोलीतच लावते. पाठ फुगलेली नाही, टेबलावर ठेवून पाहिली. आणखी एक विचारते. गावात 5जी नाही. सध्याच्या सिमला घराच्या मागच्या अंगणातच रेंज येते. बीएसएनएलचं 4जी मात्र आता वावरापर्यंत येतं असं शेजारी सांगतात. मग 5जी फोनला जास्त पैसे घालावेत का? की कोणाचा वापरलेला चांगला फोन घ्यावा?

दुरुस्तीवाला_वणी:

5जी घ्याच, पण वेगासाठी नाही, तो फोन जास्त वर्षं कामी येईल म्हणून. खेड्यात बँड महत्त्वाचा, म्हणजे फोन कोणत्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पकडतो ते. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते. बीएसएनएलचं 4जी 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे फोनमध्ये 4जीचा बँड 28 आणि बँड 1 पाहिजे. जिओचं 5जीही 700 वर आहे, तिथे 5जीचा बँड एन28 लागतो. डब्यावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर ही यादी असते. दुकानदार "सगळं चालते" म्हणाला तरी यादी दाखवायला लावा. तुमचा सध्याचा फोन बँड 28 पकडतो का तेही त्याच वेबसाइटवर बघा. पकडत असेल तर शेजाऱ्यांचं सिम घालून वावरात एकदा तपासून घ्या.

वापरलेला घ्यायचा झाला तर *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) काढा. केवायएम ही अक्षरं इंग्रजीत, मग जागा सोडून तो 15 आकडी नंबर, असा मेसेज 14422 वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं. तरी तुमच्या घरात हा एकच स्मार्टफोन असणार, त्यामुळे मी नवीनच घ्या म्हणेन.

पऱ्हाटीवाला:

अन् ताई, पीक पाहणी दुसऱ्याच्या मोबाईलवरूनही करता येते. चन्याचा फोटो अडला असन तर शेजारच्या पोराले घेऊन जा, बॅटरीसाठी थांबू नका.

काळी_कसदार:

हे तर लक्षातच आलं नव्हतं. शेजारचा पुतण्या उद्या सकाळी येतो म्हणाला, चन्याची पाहणी त्याच्या फोनवरून करून घेते. सोमवारी बाजाराच्या दिवशी बॅटरी टाकते. फोन कापसाचे पैसे खात्यात पडले की घेऊ, हप्त्यावर नाही आणि पाडव्यापर्यंतही थांबणार नाही. दिरांना मोर्शीकरांचं उत्तर वाचून दाखवलं, तेही तयार झाले. घ्यायच्या आधी बँडच्या यादीचा फोटो इथे टाकीन, दादांनी एकदा नजर घालावी.